काळ्या घोड्यावरचा युवराज: हलवला ते ठीक, पण ठेवला कुठे?

खोडरबर (धागाकर्ता) · मंगळवार, २२:४०

'मुंबईतले पुतळे' या धाग्यावर काळ्या घोड्याचं अवांतर इतकं वाढलं की मूळ विषय पार बाजूला पडला. संपादकांनी वेगळा धागा काढा म्हणून सांगितलं, म्हणून हा प्रपंच. आधी हकीकत मांडतो, मग माझं म्हणणं.

व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा अल्बर्ट एडवर्ड, म्हणजे तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स, ८ नोव्हेंबर १८७५ ला मुंबईत उतरला. त्या भेटीची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी स्वतःच्या पैशांनी त्याचा अश्वारूढ पुतळा करवून शहराला भेट दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम. जन्माने व्हिएन्नाचा, पण इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला आणि राणीच्या मर्जीतला. लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरला वेलिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा आहे, तोही याचाच. २६ जून १८७९ ला गव्हर्नर सर रिचर्ड टेम्पल यांनी आपल्या पुतळ्याचं, म्हणजे काळ्या घोड्याचं, अनावरण केलं. जागा एस्प्लनेड रोडवरची, म्हणजे आताचा महात्मा गांधी रोड.

सगळे सर्रास 'सातव्या एडवर्ड राजाचा पुतळा' म्हणतात. पण स्वार राजा झाला १९०१ मध्ये. पुतळा उभा राहिला तेव्हा तो युवराज होता आणि आणखी २२ वर्षं युवराजच राहणार होता. ही बारीकशी गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण हे कुणा राज्यकर्त्याच्या कारकिर्दीचं स्मारक नाही. साहेब आले, फिरले, शिकार केली, परत गेले, एवढ्याचं ते स्मारक आहे!

आता देणारा. अल्बर्टचे वडील डेव्हिड ससून बगदादी ज्यू. तिथल्या जाचाला कंटाळून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले आणि कापूस व अफू या दोन मालांवर त्यांनी पेढी उभी केली. अफू अर्थातच चीनला जाणारी. ससून डॉक, पुतळ्याच्या जागेसमोरचं डेव्हिड ससून ग्रंथालय, पुण्याचं ससून रुग्णालय ही सगळी त्याच घराण्याची देणी. अल्बर्टला १८७२ मध्ये 'सर'की मिळाली, १८९० मध्ये बॅरोनेटपद. त्याचे भाऊ रूबेन आणि आर्थर पुढे लंडनला याच युवराजाच्या बैठकीतले. तेव्हा पुतळ्याला देणगी म्हणायचं की गुंतवणूक, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी गुंतवणूक म्हणेन. पण त्याच घराण्याच्या ग्रंथालयात आजही लोक वाचत बसतात, हेही खरं.

स्वातंत्र्यानंतर १८ वर्षं साहेब घोड्यावर तसेच बसून होते. १९६५ मध्ये ब्रिटिशांच्या पुतळ्यांविरुद्ध शहरात आंदोलन झालं, काही पुतळ्यांची मोडतोड झाली, आणि उरलेल्यांची रवानगी भायखळ्याला राणीच्या बागेत झाली. चौकात गाड्या उभ्या राहायला लागल्या, नाव मात्र काळा घोडाच राहिलं. १९९९ पासून कला महोत्सव त्याच नावाने भरतो. २०१७ मध्ये त्या भागात नवा घोडा बसवला: 'स्पिरिट ऑफ काळा घोडा'. रचना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. त्याच्यावर स्वार नाही.

माझं म्हणणं असं. १९६५ ला पुतळा काढला ते योग्यच झालं. भर चौकात, उंच चौथऱ्यावर परक्या युवराजाला बसवून ठेवण्याचं काही कारण नव्हतं. पण काढून आपण तो अडगळीत टाकला, आणि पन्नास वर्षांनी नुसता घोडा आणून बसवला. म्हणजे 'हा कोणी बसवला, कशासाठी, आणि आपण का उतरवला' हे तिन्ही प्रश्न गाळून फक्त शोभेची वस्तू ठेवली. मूळ पुतळा समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणावा, चौथऱ्याशिवाय, जमिनीवर, माणसाच्या उंचीला. शेजारी ससूनच्या अफूपासून १९६५ पर्यंत सगळं लिहावं. बोला.

फास्ट_लोकल · मंगळवार, २३:०५

उत्तम धागा. एक भर: घोड्याच्या पायांवरून स्वार कसा मेला ते कळतं म्हणे. एक पाय वर असेल तर जखमांनी, दोन वर असतील तर रणात, चारही जमिनीवर असतील तर अंथरुणात. काळ्या घोड्याचं काय होतं?

खोडरबर · मंगळवार, २३:१८

@फास्ट_लोकल, हे व्हॉट्सअ‍ॅपवर दर सहा महिन्यांनी फिरतं. पुतळा १८७९ चा, स्वार वारला १९१० मध्ये. आता बोमने पाय कुठला उचलायचा ते कोणत्या ज्योतिषाला विचारून ठरवलं असेल?

टाकीचे_घाव · बुधवार, ००:१०

पायांचं मी सांगतो, ओतकामाशी माझा संबंध आहे.

अश्वारूढ पुतळा करताना स्वाराच्या मरणाचा विचार कुणी करत नाही, वजनाचा करतात. घोड्याचं पोट मोठं, पाय काडीसारखे, वर माणूस. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर माती. मातीत काम पुरं झालं की प्लास्टरचा साचा, त्यावरून मेण, मेणावरून ओतायचा साचा. मोठं काम असेल तर भाग वेगळे ओततात: धड, मान, पाय, शेपूट, स्वार. मग जोड मारायचे आणि ते छिन्नीने, कानशीने असे मारायचे की बघणाऱ्याला सांधा सापडता कामा नये. आतून सगळं पोकळ. पायातून लोखंडी गज खाली चौथऱ्यात उतरवतात, खरा भार त्यांच्यावर. तीन पाय टेकवून एक उचलला की घोडा चालतोय असं वाटतं आणि कामही सुरक्षित राहतं, म्हणून जगात तीच पोझ सगळ्यात जास्त.

दोन्ही पुढचे पाय उचलायचे तर बहुतेकदा शेपटीचा आधार घेतात. माद्रिदला चौथ्या फिलिपचा पुतळा आहे, पिएत्रो ताक्काचा, १६४० चा. तोल कसा साधायचा याचा सल्ला खुद्द गॅलिलिओने दिला होता, असं सांगतात. तिथे शेपूट नीट बघा, ती उगाच खाली आलेली नाही.

आणि 'काळा' म्हणजे दगड नव्हे. अनेकांनी काळ्या पाषाणातला पुतळा असं लिहून ठेवलंय. तो कांस्याचा आहे. उघड्यावर, खाऱ्या हवेत कांस्य काळवंडतं.

नव्या घोड्याबद्दल तुमच्याशी मी सहमत नाही. स्वार बसवला की घोड्याची पाठ झाकली जाते. खोगीर, अंगरखा, मांड्या यांच्याखाली शिल्पकाराच्या चुका खपून जातात. उघड्या पाठीचा घोडा करायचा म्हणजे मानेच्या मुळापासून पुठ्ठ्यापर्यंतची रेघ जशीच्या तशी दिसणार. ते काम अवघड असतं. 'नुसता घोडा' म्हणून नाक मुरडू नका.

खोडरबर · बुधवार, ००:२५

शिल्प म्हणून मी नाक मुरडलेलं नाही. ते तिथे आपलं काय काम करतं, एवढंच विचारतोय. बाकी प्रतिसाद फर्मास. ओतकामावर वेगळा धागा काढाच.

इनामदार_काकू · बुधवार, ०८:४५

मुंबईकरांनो, तुमच्या घोड्याचं पुण्याच्या घोड्याशी नातं आहे, ते कुणी सांगितलंच नाही!

या एडवर्डचा नातू, तोही प्रिन्स ऑफ वेल्स आणि तोही एडवर्ड (पुढे ज्याने राज्य सोडलं तो), १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईत उतरला. असहकाराचे दिवस. काँग्रेसचा बहिष्कार. शहरात दंगल पेटली, स्वागताला गेलेल्या लोकांवर हल्ले झाले, पन्नासच्या वर माणसं गेली, गांधीजींनी उपोषण केलं. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, हाच राजपुत्र पुण्यात होता. कशासाठी? शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ स्मारकाची कोनशिला बसवायला. बोलावणारे राजर्षी शाहू महाराज.

तेव्हाच्या टिळकपंथी मंडळींना हे किती झोंबलं असेल याची कल्पना करा. ज्यांनी रायगडावर शिवउत्सव सुरू केला त्यांच्या नाकावर टिच्चून महाराजांच्या स्मारकाला इंग्रजाचा हात! ब्राह्मणेतर चळवळ ऐन भरात होती, शिवाजी महाराज नेमके कुणाचे यावरून रण माजलेलं होतं. ते नुसतं पुतळ्याचं भांडण नव्हतंच.

शाहू महाराज मे १९२२ मध्ये गेले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचाही या कामाला मोठा आधार होता, ते १९२५ मध्ये गेले. पुतळा उभा राहिला जून १९२८ मध्ये, कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या त्यांच्या मुलाच्या, राजाराम महाराजांच्या काळात, आणि अनावरण केलं गव्हर्नर लेस्ली विल्सनने. शिल्पकार सासवण्याचे नानासाहेब करमरकर. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आजच जा. घोड्याच्या गळ्याच्या शिरा बघा.

फास्ट_लोकल · बुधवार, ०९:३०

काकू, म्हणजे आजोबाचा पुतळा आपण उतरवला आणि नातवाने कोनशिला बसवलेला पुतळा डोक्यावर घेतला?

इनामदार_काकू · बुधवार, ०९:५२

अगदी तसंच. आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. इंग्रज लेखक महाराजांना लुटारू म्हणत आले होते. त्यांच्याच युवराजाला महाराजांच्या नावापुढे वाकायला लावायचं, हा शाहू महाराजांचा डाव मला तरी पक्का वाटतो. काहींना लाचारी वाटली, अजूनही वाटते. आमच्या घरातच दोन तट आहेत, जेवणाच्या ताटावर हा विषय काढायचा नाही असा नियम आहे.

राणीबाग_रिटर्न · बुधवार, ११:१५

मी भायखळ्याचा. अडगळ म्हणालात ते मनाला लागलं, पण चूक नाही.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात काय काय आहे बघा. काळा घोडा आहेच. डोकं नसलेले गोरे साहेब आहेत. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, मॅथ्यू नोबलने घडवलेला. याच पुतळ्याला ऑक्टोबर १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. रँडचा वध त्यानंतर आठ महिन्यांनी, जून १८९७ मध्ये. म्हणजे पुतळ्यांवरचा राग १९६५ ला उगवला असं कुणी समजू नये.

आणि त्याच बागेत घारापुरीचा दगडी हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जोडून इथे उभा केला. तर आमच्याकडे इंग्रजांना नेता न आलेली वस्तू आणि इंग्रजांनी आणलेली आपल्याला नको झालेली वस्तू एकाच आवारात नांदतात. याच्यापेक्षा चांगली जागा काळ्या घोड्याला कुठली मिळणार? फोर्टात नेऊन काय करणार? तिथे सगळंच आहे. आमच्याकडेच राहू द्या, फक्त नीट लिहा.

चौपाटीचा_बगळा · बुधवार, ११:४०

पेंग्विन बघायला येणाऱ्यांपैकी किती जण घोड्याकडे बघतात?

राणीबाग_रिटर्न · बुधवार, ११:४४

पोरं बघतात. आयांना विचारतात हा कोण. आया म्हणतात शिवाजी महाराज.

चौपाटीचा_बगळा · बुधवार, ११:४५

😂😂 मेलो

मेपलचं_पान · बुधवार, १९:२०

(इथे आत्ता सकाळ आहे, उशीर झाला.)

हे साहेब घोड्यावर बसून आमच्या शहरातही आलेत, आणि तेही भारतातूनच! टोरांटोच्या क्वीन्स पार्कमध्ये सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा आहे, थॉमस ब्रॉकने घडवलेला. तो मुळात दिल्लीचा. जामा मशिदीजवळच्या एडवर्ड पार्कमध्ये १९२२ मध्ये बसवलेला. स्वातंत्र्यानंतर दिल्लीला नकोसा झाला आणि १९६९ मध्ये इकडे येऊन उभा राहिला. टोरांटोच का? १८६० मध्ये हाच एडवर्ड, वय १८, कॅनडाच्या दौऱ्यावर आला होता आणि हे उद्यान त्यानेच खुलं केलं होतं. दिल्लीच्या त्या बागेचं नाव पुढे नेताजी सुभाष पार्क झालं.

इथे अनेक वर्षं त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. इंजिनिअरिंगची पोरं घोड्याच्या नको त्या अवयवांना रंग लावायची, तेवढीच त्याची प्रसिद्धी. मग जुलै २०२० मध्ये निदर्शकांनी शहरातल्या पुतळ्यांवर गुलाबी रंग ओतला, त्यात हाही सापडला. म्हणजे दिल्लीतून सुटला आणि इथे सापडला.

एक एडवर्ड कोलकात्यालाही आहे, बर्ट्रम मॅकेनलचा. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या दक्षिणेला कमानीवर घोड्यासकट बसलाय. एकाच माणसाचे तीन घोडे: एक प्राणिसंग्रहालयात, एक परदेशात, एक जागच्या जागी.

खोडरबर · बुधवार, २०:०५

@मेपलचं_पान, नेमका हाच माझा मुद्दा पुढे नेणारा प्रतिसाद. दिल्लीने देऊन टाकला, कोलकात्याने ठेवला. दोन्ही निर्णय आहेत, पटोत न पटोत. मुंबईने ना दिला ना ठेवला, नुसता सरकवला.

बंगाली लोकांनी ठेवला याचा अर्थ त्यांना एडवर्डचा पुळका आहे असा नाही हो. तिथलेही कितीतरी साहेब १९६९ मध्ये बराकपूरला हलवले. इंग्रज सेनापती आउट्रमचा, शिल्पकार फोलीने केलेला घोडा, ज्यात स्वार मागे वळून बघतोय तो, व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात घेतला, कारण शिल्प अव्वल आहे हे त्यांना कळलं. निवड करताना कुणीतरी डोकं चालवलंय.

रोखठोक_रेवा · बुधवार, २१:३०

मला मूळ मुद्दाच पटत नाही. चौकातून काढलेला पुतळा समोरच्या संग्रहालयात आणायचा म्हणजे रस्ता ओलांडून परत आणायचा. त्या संग्रहालयाचं जुनं नावच प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होतं, १९०५ मध्ये पुढच्या प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे याच्याच मुलाने, कोनशिला बसवलेलं. नाव बदलायला १९९८ उजाडलं. आता बाप तिथे नेऊन बसवता? 'संदर्भासहित' या गोंडस शब्दाखाली सगळं हळूहळू परत येतं.

आणि बिनस्वाराचा घोडा मला आवडतो. तिथे मुलं फोटो काढतात, कुणाला सलाम ठोकावा लागत नाही. सार्वजनिक जागेत प्रत्येक वस्तूने इतिहासाचा तास घेतलाच पाहिजे का?

खोडरबर · बुधवार, २२:१०

रेवाताई, चौथरा काढा म्हणतोय ते याचसाठी. तुम्ही खाली, तो वर, बघताना मान वर करावी लागते. सगळी हुकमत त्या मान वर करण्यात असते. जमिनीवर ठेवला की तो शिल्पाचा नमुना होतो, त्याच्या बुटाला हात लावता येतो. आणि घराण्याचंच म्हणाल तर बाप, मुलगा, नातू असे तीन प्रिन्स ऑफ वेल्स या गोष्टीत येतात, ते एका दालनात एकत्र सांगता आले तर काय बहार येईल.

पण तास घेण्याबद्दल बोललात ते रास्त. मी मास्तरकी करतो असं घरचेही म्हणतात.

रोखठोक_रेवा · बुधवार, २२:२२

बुटाला हात लावता येतो म्हणजे पायाच पडायचं ना, फक्त सोयीने :)

टाकीचे_घाव · बुधवार, २२:५०

रेवाताईंना एक जोडपत्र. रोममधला मार्कस ऑरेलियसचा कांस्य घोडा वाचला कसा? मध्ययुगात लोकांना वाटायचं की वर बसलाय तो पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन. बाकीचे 'पाखंडी' पुतळे वितळवले, हा राहिला. स्वार कोण हे नीट माहीत असतं तर आज तो नसता. आता मूळ पुतळा संग्रहालयात आहे आणि चौकात प्रतिकृती. त्यामुळे राणीबागेतल्या आयांचं उत्तर हसण्यावारी नेऊ नका, काळ्या घोड्याला विम्यासारखं उपयोगी पडेल.

खडा_सवाल · बुधवार, २३:३५

हे सगळं ठीक. पण २४ डिसेंबर २०१६ ला अरबी समुद्रात ज्या अश्वारूढ स्मारकाचं जलपूजन झालं त्याचं काय? त्यावर एक शब्द नाही. गोऱ्या साहेबाच्या घोड्यावर चर्चासत्र आणि

संपादक मंडळ · बुधवार, २३:५८

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. समुद्रातल्या स्मारकावर आधीच दोन धागे चालू आहेत, तिथे लिहावे. इथे पक्षांची नावे घेऊन चिखलफेक नको. धागा चालू ठेवत आहोत.

इनामदार_काकू · गुरुवार, ०७:२०

संपादकांनी वेळीच लगाम खेचला.

मुंबईत गेटवेसमोर सदाशिव साठ्यांनी केलेला महाराजांचा घोडा आहे, तोही या धाग्यात यायला हवा. २६ जानेवारी १९६१ ला यशवंतराव चव्हाणांनी अनावरण केलं. महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. तिथे आधी पाचव्या जॉर्जचा पुतळा होता. म्हणजे काळा घोडा हलायच्या चार वर्षं आधी मुंबईने एका जागेचा निर्णय सरळ केला होता: हा उतरवायचा, हा बसवायचा. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. काळ्या घोड्याच्या जागी कुणाला बसवायचं हे ठरलं नाही, म्हणून तिथे गाड्या लागल्या. माझ्या मते सगळा घोळ तिथे आहे.

राणीबाग_रिटर्न · गुरुवार, १०:०२

काकूंना +१. गंमत म्हणजे दिल्लीत एडवर्ड पार्कच्या जागी नेताजींचं शिल्प आहे, तेही साठ्यांचंच. एका मराठी शिल्पकाराने बाप-लेक दोघांच्या जागा घेतल्या.

खोडरबर, माझी सूचना: एखाद्या रविवारी कट्टा करू. सकाळी भायखळ्याला मूळ घोडा, मग फोर्टात नवा घोडा, मग गेटवे. संग्रहालय आणि बाग बुधवारी बंद असतात. निघण्याआधी संग्रहालय चालू आहे ना, हे फोन करून बघू.

मेपलचं_पान · गुरुवार, १८:४०

कट्ट्याला मी नाही, पण क्वीन्स पार्कातल्या आमच्या साहेबांचे फोटो टाकते. चौथऱ्याचे पण हवेत का?

खोडरबर · गुरुवार, १९:१५

चौथऱ्याचे तर आधी हवेत. मुंबईचा नवा घोडाही चौथऱ्यावरच आहे, ते रेवाताईंना विचारायचं राहून गेलं.

रोखठोक_रेवा · गुरुवार, १९:३१

येते कट्ट्याला. तिथेच भांडू.